भारनियमनाचं उद्यापन

एका जंगलात अंबूकाकू नावाची रानकोंबडी राहायची, आणि तिनं एकदा एक नियम धरला होता. तो नियम काय होता ते आधी ऐका, बाळांनो, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. मांडी घालून बसा. जांभई आली तर तोंडावर हात धरा.

अंबूकाकूला नियमांची भारी हौस. चातुर्मास लागला की दर वर्षी ती काहीतरी सोडायची. एका वर्षी तिनं वाळवी सोडली. एका वर्षी दुपारपर्यंत मौन धरलं. आता कोंबडीनं मौन धरायचं म्हणजे काय, ते तुम्हीच बघा. माध्यान्ह झाली की सकाळपासून साचलेलं सगळं ती एका दमात बोलून टाकायची. तेवढा वेळ शेजारची शेवंतावहिनी माकडीण झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसायची.

पण मी म्हणते तो नियम निराळा. त्या वर्षी चैत्रात गारपीट झाली. लिंबाएवढ्या गारा पडल्या. कितीतरी रानकोंबड्या घरट्यावरून उठल्या नाहीत, तशाच गेल्या. गारा थांबल्यावर अंबूकाकू रानभर फिरली. गवतात, पाचोळ्याखाली उघडी पडलेली अंडी तिनं एकेक करून पदरात घेतली आणि घरी आणली. मोजली, तर एकवीस.

"एकवीस दूर्वा, एकवीस मोदक, आणि ही एकवीस अंडी," ती म्हणाली. "हा कौलच म्हणायचा."

अंडं उबायला दिवस लागतात तेही एकवीस. मग काय! अंबूकाकूनं सूर्याकडे तोंड करून हात जोडले. "देवा, ही एकवीसच्या एकवीस पिल्लं बाहेर येईपर्यंत मी धुळीत लोळणार नाही."

हसू नका. कोंबडीला धुळीत लोळणं म्हणजे आपली आंघोळ. ऐन उन्हाळ्यात एकवीस दिवस आंघोळ सोडायची, म्हणजे अंगाची किती आग होत असेल!

नियम धरला खरा, पण एक अडचण होती. अंबूकाकूच्या पंखाखाली मावायची आठ अंडी. उरलेल्या तेरांचं काय?

तेव्हा दगडूभाऊ आला. दगडूभाऊ म्हणजे जंगलाचा वायरमन. जातीनं ऊद, म्हणजे पाणमांजर. मिशा सदा ओल्या. त्यानं पोकळ ओंडक्याची एक पेटी केली, आत मऊ गवत अंथरलं, दोन दिवे लावले आणि खांबावरून तार ओढून दिली.

"काकू, दिवे चालू तोवर ऊब चालू," तो म्हणाला. "दिवे गेले की मात्र तुमचा देव आणि तुम्ही."

तोवर अंबूकाकूच्या घरी वीज नव्हती. लागतच नव्हती. सूर्य मावळला की ती झोपायची. त्यामुळे जंगलात विजेची काय तऱ्हा आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं.

तऱ्हा अशी होती. जंगलात एक धबधबा होता. त्याच्याखाली आजोबा-पणजोबांच्या काळात एक चक्र बसवलेलं होतं. चक्र फिरलं की वीज व्हायची. सुरुवातीला दिवे पन्नास होते, तेव्हा ती उतू जायची. पुढे घरं वाढली. शेवंतावहिनीकडे मिक्सर आला. अस्वलाकडे मध पातळ करायची शेगडी आली. मोरानं आरशाभोवती दिव्यांच्या माळा लावल्या. आणि सिंहमहाराजांच्या गुहेत आयाळ वाळवायचं यंत्र आलं. ते एकटंच चाळीस घरांची वीज खायचं.

आणि गंमत बघा. सगळ्यांना सगळं आठवायचं ते तिन्हीसांजेला! त्याच वेळी चटणी वाटायची. त्याच वेळी मध तापवायचा. महाराजांना संध्याकाळचं न्हाणं प्रिय, म्हणून आयाळही त्याच वेळी वाळवायची. चक्र बिचारं कण्हायचं. चैत्रात धबधब्याची धार आधीच करंगळीएवढी.

पाचव्या दिवशी दगडूभाऊ घंटा वाजवत आला.

"ऐका हो ऐका! आजपासून पुन्हा भारनियमन! तिन्हीसांजेला भार वाढला की वीज बंद!"

नियम हा शब्द कानावर पडताच अंबूकाकू लगबगीनं बाहेर आली.

"नियमन म्हणजे नियमच ना रे, भाऊ?"

"तसंच काहीतरी, काकू."

"कुणी धरलाय?"

"मंडळानं."

"आणि पाळायचा कुणी?"

"तुम्ही."

"अगंबाई! म्हणजे नियम त्यांनी धरायचा आणि उपास आपण करायचा?"

दगडूभाऊनं मिशा पुसल्या. "आता तुम्ही म्हणता तर तसंच."

"बरं, उद्यापन कधी आहे?"

"काकू, माझे वडील याच मंडळात वायरमन होते. त्यांचे वडीलही होते. या नियमाचं उद्यापन आमच्या घराण्यात कुणी पाहिलेलं नाही."

त्या संध्याकाळी दिवे दोन तास गेले. अंबूकाकूनं पेटीवर गवत घातलं, पाला घातला, वर आपलं लुगडं घातलं. पंखाखालची आठ अंडी पेटीत आणि पेटीतली आठ पंखाखाली, अशी तिची सारखी अदलाबदल चालली होती. राहिलेली पाच तिच्याकडे बघताहेत असंच तिला वाटत राहिलं.

सकाळी अंडी शेवंतावहिनीवर सोपवून ती वीज नियोजन मंडळाच्या कचेरीत गेली. मंडळाचे प्रमुख करकोचेसाहेब एका पायावर उभे होते. वीस वर्षांची योजना मंजूर झाल्याशिवाय दुसरा पाय खाली टाकायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. तेही एक प्रकारचं व्रतच, म्हणून अंबूकाकूनं त्यांना नमस्कार केला.

"साहेब, संध्याकाळी दोन दिवे तेवढे चालू ठेवा. अंडी गार पडतात."

साहेबांनी मान लांब केली. "बाई, मंडळ वीस वर्षांचा विचार करतं. तुमच्या अंड्यांची मुदत किती?"

"एकवीस दिवस. त्यातले पाच झाले."

"मग ती योजनेत बसत नाहीत."

"ती कुठंच बसत नाहीत, साहेब. मीच त्यांच्यावर बसते."

साहेब हसले नाहीत. "तुम्हाला कल्पना नाही. वीस वर्षांनी या जंगलाला दोन हजार दिवे लागणार. त्यासाठी दुसरा धबधबा लागणार."

"दुसरा धबधबा कुठं आहे?"

"तो योजनेत आहे. पण अडलंय कुठे सांगू? आमच्याकडे आकडेच नाहीत. कोणाच्या घरी किती वीज लागते, काही माहिती नाही. आकडे आले की सगळं सुरळीत होईल. तुमच्या पेटीचाही विचार होईल."

"एवढंच ना?" अंबूकाकूचा तुरा आनंदानं ताठ झाला. "तुम्ही कागद काढा. घरोघर सांगायचं माझ्याकडे लागलं."

कागद निघाला. मोठ्या खांबावर लागला. त्यावर लिहिलं होतं: प्रत्येक कुटुंबप्रमुखाने आपला विजेचा आकडा येत्या सोमवारी सूर्यास्तापूर्वी याच खांबापाशी टाकावा. कसूर करणाऱ्याची वीज तोडण्यात येईल.

खांबाला एक छोटी पेटीही टांगली होती, चिठ्ठ्या टाकायला. पण तिच्याकडे कोण बघतो?

बाळांनो, आकडा म्हणजे तुमच्या पाटीवरचा एक-दोन-तीन. पण जंगलात आकडा म्हटलं की एकच वस्तू डोळ्यांपुढे यायची. टोकाला वाकवलेली तार. ती विजेच्या तारेवर टाकली की वीज मुकाट्यानं आपल्या घरात येते. दोन-चार माकडं ते काम इतके दिवस लपूनछपून करायची. आणि आता मंडळच टाका म्हणत होतं!

अंबूकाकू दारोदार फिरली. "सोमवार विसरू नका हं. हुकूम आहे. सगळ्यांनी टाकला की माझी अंडी वाचतील."

"काकू, तुम्ही सांगताय?" शेवंतावहिनीनं गालावर बोट ठेवलं. "आमचे हे आकडा टाकायचे तेव्हा तुम्हीच त्यांना पापपुण्य ऐकवलं होतं."

"तेव्हा चोरी होती गं. आता आज्ञा आहे."

कासवअण्णांनी उभ्या जन्मात असलं काही केलं नव्हतं. पण हुकूम म्हटल्यावर करतात काय? ते शनिवारीच घरून निघाले, म्हणून सोमवारी वेळेवर पोहोचले. अंबूकाकूनंही आपली तार वाकवली, तिला हळदकुंकू वाहिलं आणि डोळे मिटून खांबावरच्या तारेवर टाकली.

सोमवारी सूर्यास्ताला तारेवर दोनशे बारा आकडे लोंबत होते. तार वाकली. खांब वाकला. डीपीतून निळी ठिणगी उडाली, मोठा आवाज झाला आणि सगळं जंगल अंधारात बुडालं.

"डीपी जळाली!" दगडूभाऊ ओरडला. "उद्या सकाळशिवाय काही होत नाही!"

अंबूकाकू पेटीकडे धावली. दहावा दिवस होता तो. तेरा अंडी आणि उभी रात्र. आणि हे सगळं तिच्यानं झालं होतं. घरोघर जाऊन तीच तर सांगून आली होती.

पण शेजार चांगला होता. शेवंतावहिनी आली आणि तीन अंडी पोटाशी धरून बसली. सशिणीनं चार घेतली. हरिणी येऊन पाचांवर अलगद टेकली. अस्वलानंही बसायची तयारी दाखवली. सगळ्यांनी त्याचे आभार मानून त्याला लांब बसवलं. रानमांजर म्हणालं, "दोन मीही सांभाळतो की." त्याचे आभारसुद्धा कुणी मानले नाहीत. राहिलेलं एक अंडं अंबूकाकूनं मानेखाली धरलं, आणि ती रात्र तशी काढली.

सकाळी वीज आली. अंबूकाकूनं एकेक अंडं दिव्यासमोर धरलं. आत बारीक लाल शिरा दिसत होत्या, काळा ठिपका हलत होता. पहिलं हललं. दुसरं हललं. विसावं हललं. मानेखालचं ते एकविसावं मात्र हललं नाही.

"काकू, ते टाकून द्या," शेवंतावहिनी हळूच म्हणाली.

"नियम एकवीसचा आहे," काकू म्हणाली, आणि तिनं ते पेटीत दिव्याच्या अगदी जवळ ठेवलं.

मग तिनं दगडूभाऊला बसवून घेतलं. "भाऊ, मला एक सांग. वीज कमी पडते ती दिवसभर पडते का?"

"छे! सकाळी चक्र रिकामंच फिरतं. दुपारी कुणी दिवासुद्धा लावत नाही. ओढाताण सगळी तिन्हीसांजेची."

"तिन्हीसांजेची!" अंबूकाकूनं कपाळावर पंख मारला. "अरे, मग हे आमच्या आईनं कधीच सांगून ठेवलंय. तिन्हीसांजेला दळू नये. कांडू नये. केर काढू नये. केस विंचरू नयेत. शांत बसून देवाचं नाव घ्यावं."

दगडूभाऊच्या मिशा प्रथमच कोरड्या पडल्या. "मंडळाच्या योजनेला नऊशे पानं आहेत, काकू. त्यात हे नाही."

त्याच दिवशी अंबूकाकूनं नवा नियम काढला. त्याचं नाव तिन्हीसांजेचा नियम. सूर्य मावळल्यापासून दोन तास फक्त देवापाशी एक दिवा. मिक्सर नाही, शेगडी नाही, माळा नाहीत. ती पुन्हा दारोदार फिरली. या वेळी हातात कागद नव्हता, गूळखोबरं होतं.

"तिन्हीसांजेला चटणी वाटायची नाही, मग खायचं काय?" शेवंतावहिनीनं विचारलं.

"दुपारी वाटून ठेव गं."

"म्हणजे शिळी?"

"शिळी कसली? मुरते ती. करून तर बघ."

अस्वल म्हणालं, "मध उन्हात ठेवला तर आपोआप पातळ होईल की!" स्वतःच्या हुशारीचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. मोर कुरकुरला. पण अंधारात आपण कुणाला दिसतच नाही म्हटल्यावर आरसा तरी कशाला, हे त्यालाही पटलं.

राहिले सिंहमहाराज. तिकडे जायला कुणी तयार होईना. अंबूकाकू एकटी गेली. उंबऱ्याबाहेरच थांबली. धीर असला तरी अक्कलही होती.

"महाराज, लहान तोंडी बोलते. तिन्हीसांजेला केस वाळवू-विंचरू नयेत. लक्ष्मी दारातून परत जाते."

महाराजांनी यंत्र बंद केलं. "परत जाते?"

"उंबऱ्यापर्यंत येते, केस मोकळे बघते आणि वळते."

"किती वर्षं मी हे करतोय!" महाराज हादरले. "करकोच्यानं मला हे एकदाही सांगितलं नाही!"

"त्यांच्या डोक्यावर केस नाहीत, महाराज. त्यांना कसं कळावं?"

महाराजांनी त्याच दिवशी न्हाणं सकाळवर नेलं. सकाळच्या उन्हात आयाळ अशी फुलली, की यंत्राला कोळ्यानं जाळं केलं तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.

बाराव्या दिवसापासून तिन्हीसांजेला दिवे गेले नाहीत. भारनियमनाचा हुकूम कागदावर होताच. पण भार वाढेचना, तर दगडूभाऊ खटका ओढणार कशाला? पेटीत ऊब राहिली. अठराव्या दिवशी अंड्यांतून बारीक चिवचिव ऐकू यायला लागली. एका अंड्यातून येत नव्हती. अंबूकाकू त्यालाही रोज एक कहाणी सांगायची.

इकडे मंडळात खळबळ माजली. करकोचेसाहेबांनी तक्ता उघडला. तिन्हीसांजेची मागणी निम्म्यावर आली होती.

"पाहिलंत? आम्ही आकडे मागवले आणि वीज उरायला लागली," साहेब म्हणाले.

"साहेब, हे काकूंच्या नियमामुळं झालंय," दगडूभाऊ म्हणाला.

"कोणता नियम? कलम कितवं?"

"कलम नाही, साहेब. तिन्हीसांजेचा नियम."

"कलम नसेल तर तो नियम नाही. लिहून घ्या." आणि साहेबांनी नवा कागद सांगितला.

एकविसाव्या दिवशी सकाळी वीस पिल्लं बाहेर आली. ओली, वाकडीतिकडी, रागावलेली. शेवंतावहिनीनं दृष्ट काढली. रानमांजरही बघायला आलं होतं. त्याला लांबूनच दाखवली. पेटीत एकविसावं अंडं एकटंच राहिलं. अंबूकाकूनं ते दिव्यासमोर धरलं. आत काहीतरी होतं. हललं, की तिचाच हात हलला, ते कळेना.

आणि दुपार कलल्यावर दगडूभाऊ घंटा वाजवत आला. चेहरा पडलेला.

"ऐका हो ऐका! भारनियमनाचा हुकूम कायम ठेवून मंडळ असं कळवतं, की तिन्हीसांजेला वीज शिल्लक राहत आहे. ती वाया जाऊ नये, म्हणून आज सूर्यास्तापासून प्रत्येकानं विजेचा वापर वाढवावा. कसूर करणाऱ्याची वीज तोडण्यात येईल!"

सगळं जंगल मोठ्या खांबापाशी जमलं. हुकूम तो हुकूम. शेवंतावहिनीनं मिक्सर घासूनपुसून ठेवला होता. मोरानं माळा बाहेर काढल्या होत्या. खुद्द महाराज आयाळ ओली करून आले होते.

"काकू," शेवंतावहिनी चाचरत म्हणाली, "वीस तर निघाली. आता नियम सोडला तर चालेल ना?"

अंबूकाकूनं पेटीकडे पाहिलं. एक अंडं. आज वीज गेली तर ते गेलं. हुकूम मोडा म्हणायची तिच्या जिभेला सवय नव्हती. आजवर तिनं नियम धरले होते, मोडला एकही नव्हता. आणि एवढ्यात तिला दगडूभाऊचं त्या पाचव्या दिवसाचं बोलणं आठवलं.

"हुकूम पाळायचाच," ती म्हणाली. "पण आपण नियम आधी धरलाय, हुकूम नंतर आलाय. धरलेला नियम उद्यापन केल्याशिवाय सोडता येत नाही. देवाला चालत नाही. आधी उद्यापन, मग हुकूम."

"बरोबर आहे," कासवअण्णा म्हणाले.

"मग उद्यापन कधी?" महाराजांनी विचारलं. आयाळीतून पाणी ठिबकत होतं.

अंबूकाकूनं हात जोडले. "महाराज, मंडळ थोर. त्यांचा नियम आपल्या नियमाच्या आधीचा. वडीलकीचा मान राखायला नको का? त्यांच्या भारनियमनाचं उद्यापन होऊ द्या. दुसऱ्याच दिवशी आपण आपलं करू."

दगडूभाऊ आधी हसला. मग शेवंतावहिनी हसली. मग सगळं जंगल हसलं. करकोचेसाहेब हसले नाहीत, पण त्यांनी नोंद केली की जनता हुकूम पाळायला तयार आहे, फक्त एक धार्मिक विधी बाकी आहे.

त्या तिन्हीसांजेला कुणी एकही बटण दाबलं नाही. महाराज ओल्या आयाळीनं झोपले आणि दुसऱ्या दिवशी चार वेळा शिंकले. पेटीतले दोन दिवे लागलेले होते, ते लागलेलेच राहिले.

तेविसाव्या दिवशी सकाळी एकविसाव्या अंड्याला तडा गेला. आतून एक किडमिडीत पिल्लू बाहेर आलं. त्यानं दिव्याकडे पाहिलं, अंबूकाकूकडे पाहिलं आणि जोरात ओरडलं. अंबूकाकूनं त्याला भावंडांत सोडलं. मग ती अंगणात गेली आणि डोळे मिटून धुळीत अशी लोळली, अशी लोळली, की शेवंतावहिनीला वाटलं वावटळच आली.

वीज वाचवल्याबद्दल मंडळाला महाराजांकडून मानपत्र मिळालं. योजनेचं पहिलं पान मंजूर झालं. करकोचेसाहेबांनी आनंदानं दुसरा पाय खाली टाकला, आणि पहिला वर उचलला.

तात्पर्य: अंडं एकवीस दिवसांत उबतं, फार तर तेवीस. योजना उबायला वीस वर्षंही पुरत नाहीत, कारण तिच्यावर बसतात पुष्कळ जण, ऊब कुणी देत नाही. म्हणून जनतेनं शहाणपणानं वागावं, पण ते तक्त्यावर दिसेल इतकं वागू नये; शहाणपण शिल्लक दिसलं की ते खर्च करायचा हुकूम निघतो. तर बाळांनो, अंबूकाकूसारखं तुम्हीही करा. आज तिन्हीसांजा झाल्या की घरातलं एक बटण बंद करा. शेजारी कुणाच्या तरी पेटीत एक अंडं अजून उबायचं आहे, असं मनात आणा. देवाला सांगा. मंडळाला सांगू नका.